अकरा खाडे आणि न लागलेला दिवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ३३ वर्षांची आहे. बी.एस्सी. झाल्यावर लग्न आणि मूल यात आठ वर्षं गेली. गेल्या वर्षी सीईटी देऊन बी.एड.ला प्रवेश घेतला. आता दुसऱ्या वर्षात शाळेतल्या आंतरवासितेचे (इंटर्नशिपचे) १६ आठवडे चालू आहेत, त्यातले सहा संपले. मधेच सासूबाई घरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि माझे ११ खाडे झाले. पहिल्या वर्षाचा एक पेपरही राहिला आहे. परत आले त्याच आठवड्यात आठवी ‘ब’वर धाराविद्युतचा पाठ होता. प्रयोग मांडला, पण दिवा लागलाच नाही. मुलं हसली, मी साहित्य बाजूला सारून पुढचा मुद्दा घेतला. पाठ बघायला आलेल्या सरांचा निरीक्षणवहीत शेरा आला: ‘आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. फलकलेखन गिचमिड. वर्गनियंत्रण कमी. पूर्वतयारी नाही.’ वर सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, ‘घरचंच बघायचं असेल तर घरी बसा.’ एक मैत्रीण म्हणते, हे सोड, दुसऱ्या एका कॉलेजात पैसे भरले की हजेरीचं ते बघतात, फक्त परीक्षेला जायचं. यजमान म्हणतात, झेपत नसेल तर राहू दे. सवलत मागायची मला लाज वाटते. शिकवणं हे माझं काम नाहीच, असं वाटायला लागलंय. सोडून देऊ का?

उत्तर:

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की त्यात चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही त्यांची एकच मोळी बांधून डोक्यावर घेतली आहे. हजेरी, तो फसलेला पाठ, सगळ्यांसमोर झालेला अपमान आणि घर. चारही एकदम उचलायला गेलं तर कुणालाही ‘सोडून देऊ का’ असंच वाटेल. म्हणून आधी मोळी सोडू या.

हजेरीपासून सुरुवात करते, कारण तिथे भीतीपेक्षा हिशेब जास्त उपयोगी आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमावलीत दोन वर्षांच्या बी.एड.साठी वर्गातले तास आणि प्रात्यक्षिकं यांना किमान ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला किमान ९० टक्के हजेरी सांगितली आहे. दुसऱ्या वर्षाच्या १६ आठवड्यांचे, आठवड्याला सहा दिवस धरले, तर ९६ दिवस होतात. त्याचे ९० टक्के म्हणजे ८६.४, म्हणजे ८७ दिवस हजर राहायला हवं. नऊ खाडे चालतात, तुमचे अकरा झालेत. सणाच्या सुट्ट्या वजा करून शाळेचे ९० दिवस भरले असं धरलं, तर ८१ दिवस हवेत. तिथेही नऊच चालतात, तिथेही दोनच कमी पडतात.

दोन दिवस, ताई. पुढचे दहा आठवडे तुम्ही पूर्ण भरलेत तर ज्या कारणासाठी तुम्ही दोन वर्षांचं शिक्षण सोडायला निघालात, ते कारण दोन दिवसांचं आहे. पत्रात ‘हजेरी गेली’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय, पण ती मोजून पाहिल्याचं कुठे दिसलं नाही. उद्या शाळेतल्या हजेरीपत्रकावरून आणि कॉलेजातल्या नोंदीवरून नेमका आकडा काढा. दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत असं पुष्कळदा होतं. कधी कॉलेजच्या कामासाठी गेलेला दिवसही शाळेत गैरहजर म्हणून लागलेला असतो. ते आत्ताच दुरुस्त करता येतं, निकालाच्या वेळी नाही.

आता लाजेचं बोलू. तुम्हाला सवलत मागायची लाज वाटते, आणि ती लाज मला समजते. पण तुम्ही सवलत मागूच नका, भरपाई मागा. हा नुसता शब्दांचा फरक नाही. ‘माझे दोन दिवस माफ करा’ म्हटलं की प्राचार्यांना नियम वाकवावा लागतो, आणि ९० टक्क्यांचा नियम वाकवायचा अधिकार त्यांच्या हातात असेलच असं नाही. ‘माझे दोन दिवस मी भरून देते’ म्हटलं की नियम पाळूनच मार्ग निघतो. शाळा तर आंतरवासिता संपल्यावरही चालूच असते. अर्ज असा साधा असू दे: ‘अमुक ते अमुक तारखेच्या दरम्यान घरातील वृद्ध व्यक्तीच्या शस्त्रक्रियेमुळे मी आंतरवासितेच्या शाळेत ११ कामाचे दिवस हजर राहू शकले नाही. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडली आहे. नियमित कालावधी संपल्यावर त्याच शाळेत पाच दिवस जादा काम करून ही उणीव भरून काढण्याची परवानगी मिळावी.’ दोनाची गरज असताना पाच मागा, कारण घरात लहान मूल आहे आणि पुढच्या दहा आठवड्यांत त्याला एकदाही ताप येणार नाही असं कुणी सांगावं? अर्ज प्राचार्यांच्या नावे द्या, आंतरवासितेच्या समन्वयकांना प्रत द्या, शाळेच्या मुख्याध्यापकांना तोंडी कल्पना द्या. आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. तोंडी ‘बघू या’ मिळालेले कितीतरी विद्यार्थी मी सत्राच्या शेवटी ऑफिसच्या खिडकीशी रडवेले उभे पाहिले आहेत. लेखी अर्ज असलेल्यांना तिथे फार कमी वेळा उभं राहावं लागलं.

समजा, काहीच जमलं नाही आणि हे सत्र हातचं गेलं. तरी सोडणं आणि पुढे ढकलणं यात मोठं अंतर आहे. याच नियमावलीप्रमाणे बी.एड. प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त तीन वर्षांत पूर्ण करता येतं. म्हणजे तुमच्या हाताशी एक वर्ष शिल्लक आहे. आज नाव काढलंत तर पुन्हा सीईटी, पुन्हा फी, पुन्हा पहिला दिवस. राहिलेल्या पेपराचं त्यामानाने सोपं आहे. पुढची परीक्षा कधी आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती, एवढं परीक्षा विभागातून आणा, आणि आंतरवासितेच्या दहा आठवड्यांत त्या पेपरासाठी आठवड्याला एक संध्याकाळ, याहून जास्त वेळ देऊ नका.

आता त्या पाठाकडे येते. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग हाच आहे, आणि तुम्ही मात्र तो शरमेने चार ओळींत उरकला आहे.

मी बरीच वर्षं शिक्षणशास्त्र महाविद्यालयात होते. शाळाशाळांतून शेवटच्या बाकावर बसून पाठ पाहणं हे माझं काम होतं. त्या बाकावरून जे दिसतं ते फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. दिवा लागला नाही तेव्हा मुलं हसली, असं तुम्ही लिहिता. हसली म्हणजे बघत होती! चाळीस मुलं एका बल्बकडे डोळे लावून बसली होती, आणि तो लागला नाही हे सगळ्यांना एकाच क्षणी कळलं. असं एकवटलेलं लक्ष मिळावं म्हणून आम्ही प्रस्तावनेची दहा-दहा तंत्रं शिकवतो. तुम्हाला ते आपसूक मिळालं आणि त्याच क्षणी तुम्ही साहित्य बाजूला सारलंत.

तिथे थांबून मुलांना फक्त विचारायचं होतं, ‘का नसेल लागला?’ एखादं पोर म्हणेल, बॅटरी संपली. कुणी म्हणेल, बल्ब उडालाय. कुणी सांगेल सेल उलटा बसलाय, कुणाच्या लक्षात येईल की तारेच्या टोकाचं प्लॅस्टिक खरडलेलंच नाही, कुणी म्हणेल बटणच सैल आहे. हे सगळं फळ्यावर एकाखाली एक लिहायचं आणि एकेक कारण मुलांकडूनच तपासून घ्यायचं. बल्ब दुसऱ्या सेलला लावून बघा. तार बदलून बघा. दोन सेल असतील तर त्यातला एक उलटा करा, काय होतं? विद्युतप्रवाहाला अखंड मार्ग लागतो, ही गोष्ट लागलेल्या दिव्यापेक्षा न लागलेला दिवा जास्त पक्की शिकवतो. तुमच्या पाठाच्या टाचणात हा मुद्दा कितव्या क्रमांकावर होता, मला ठाऊक नाही. पण वर्गात तो आपल्या पायांनी चालत आला होता.

हे मी आज सांगते आहे, पण माझ्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतल्या पाठात चंचुपात्र फुटलं तेव्हा मीही खाली वाकून काचा गोळा करत बसले होते आणि उरलेला तास वाया घालवला होता. हे सुचणं अंगात यायला पाठ घ्यावे लागतात, पुष्कळ घ्यावे लागतात. म्हणूनच तर ते १६ आठवडे आहेत.

शेऱ्यांची उकल करू. ‘आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही.’ तुम्ही याचा अर्थ ‘माझा आवाजच बारीक आहे’ असा घेतलात. मी पाहिलेल्या अशा दहांतल्या आठ पाठांत आवाज बारीक नव्हता, शिकवणारी व्यक्ती फळ्याशी बोलत होती. लिहिता लिहिता बोललं की शब्द फळ्यावर आपटतात आणि पहिल्या बाकापाशी पडतात. लिहा, वळा, मुलांकडे बघा आणि मग बोला. सुरुवातीला मधली शांतता फार लांब वाटेल, पण मुलांना ती हवीच असते, त्यांनाही लिहून घ्यायचं असतं. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात दोघी-तिघी मैत्रिणींना शेवटच्या बाकावर बसवा आणि पाच मिनिटं बोलून बघा. फलकलेखनही याने सुधारतं, कारण बोलायची घाई नसली की हात सावकाश चालतो. फळ्याची डावी बाजू मुद्द्यांना, उजवी आकृतीला, एवढं ठरवून गेलात तरी गिचमिड निम्मी होईल.

‘पूर्वतयारी नाही’ हा शेरा मात्र तुम्ही स्वीकारायला हवा. प्रयोगाचं साहित्य तासाआधी एकदा चालवून बघायचं असतं. ते राहून गेलं, आणि का राहून गेलं ते मला कळतंय, दवाखान्यातून थेट वर्गात आलेल्या बाईला ते कुठून सुचणार? पण शेरा खोटा नाही. त्याला दहा मिनिटांचा उपाय आहे, त्यासाठी व्यवसाय बदलायची गरज नाही.

पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोट्या पाठांचा सराव, झालं असेल, ते आठवा. १९६३मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेली ही पद्धत आपल्याकडे ३६ मिनिटांच्या चक्रात करतात: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा मिनिटं पुन्हा तोच पाठ आणि पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. सगळ्यात जास्त वेळ कशाला दिलाय बघा. पाठ बिघडल्यावर तो पुन्हा मांडायला. या शिक्षणाची रचनाच असं धरून केली आहे की पहिला पाठ बिघडणार. तुम्ही मात्र पहिल्या सहा आणि दुसऱ्या सहा मिनिटांवर थांबलात, आणि मधली बारा मिनिटं स्वतःला दोष देण्यात घालवलीत.

आता ‘घरी बसा’ या वाक्याविषयी. ते शेऱ्यांच्या रांगेत बसवू नका. शेरा तुमच्या पाठावर होता, हे वाक्य तुमच्यावर होतं, आणि शिक्षक घडवणाऱ्या माणसाने ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. तुम्ही आधी त्यांना एकट्याने भेटा, असं मी सुचवेन. ‘सर, शेरे मला मान्य आहेत, त्यावर काम करते आहे. घरात ऑपरेशन होतं, हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं. पण ते वाक्य मला लागलं.’ एवढंच, शांतपणे. पुष्कळांना खरोखर माहीतच नसतं की गैरहजेरीमागे काय होतं. तुम्ही अकरा दिवसांत कुणालाच काही कळवलं नव्हतं, असं पत्रावरून दिसतं. नियमावलीप्रमाणे ५०-५०च्या दोन तुकड्या असलेल्या कॉलेजात दोन्ही वर्षांचे मिळून २०० विद्यार्थी आणि १६ पूर्णवेळ अध्यापक असायला हवेत, म्हणजे एकामागे बारा-तेरा जण. तुमच्या ज्या मार्गदर्शक प्राध्यापक आहेत त्यांच्या वाट्याला तुम्ही आहातच, त्यांना सांगणं म्हणजे रडगाणं गाणं नव्हे.

भेटूनही असंच बोलणं चालू राहिलं तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिच्यावर किमान एक स्त्री असावी लागते, तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय पटला नाही तर त्यापुढच्या १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. ही वाट आहे हे माहीत असू द्या. तिच्यावर चालायची वेळ बहुधा येणार नाही.

मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल मी आढेवेढे न घेता सांगते: तिकडे जाऊ नका. अशी हजेरी लावणं खोटेपणा आहे, तो कधी ना कधी अंगाशी येतो, आणि अशा कॉलेजची मान्यता गेली तर विद्यार्थीही भरडले जातात. पण माझं खरं दुःख वेगळं आहे. नोकरी लागल्यावर तुम्ही पंचवीस-तीस वर्षं शिकवाल. त्यात कुणी मागच्या बाकावर अख्खा तास बसून, फक्त तुम्ही कसं शिकवता ते बघून, वहीत लिहून देईल असे दिवस पुन्हा फारसे येणार नाहीत. हे १६ आठवडे कॉलेज तुमच्याकडून वसूल करत नाही, ते तुमचं त्यांच्याकडे येणं आहे. पैसे देऊन माणूस आपलंच येणं बुडवून घेतो, आणि मग आठवीच्या वर्गात चाळीस मुलांसमोर दिवा लागत नाही तेव्हा काय करायचं हे विचारायला कुणीच नसतं. शिक्षक पात्रता परीक्षेच्या १५० प्रश्नांत ६० टक्के मिळवणं घरी बसून जमेलही. वर्ग मात्र घरी बसून जमत नाही.

घराचं बोलताना मला थोडं जपून बोलायला हवं, कारण मी तुमचं घर पाहिलेलं नाही. पण पत्रात यजमान एकाच वाक्यात येतात, आणि ते वाक्य ‘झेपत नसेल तर राहू दे’ असं आहे. अकरा दिवस दवाखाना, मूल आणि स्वयंपाक हे सगळं तुमच्या एकटीच्या वाट्याला आलं का? आलं असेल, तर ‘तुला झेपत नाही’ हे निदान चुकीचं आहे. ते एका माणसाला झेपण्यासारखं नव्हतंच. राहिलेल्या दहा आठवड्यांचा कागद करून भिंतीवर लावा. सासूबाईंच्या तपासणीच्या तारखा, तुमचे पाठ, मुलाला शाळेतून आणायचं कुणी, प्रत्येकापुढे नाव. यजमानांना रागाने नको, कागद समोर ठेवून विचारा. दहा आठवडे ही मुदत ठरलेली आहे, आणि ठरलेल्या मुदतीला माणसं जास्त सहज हो म्हणतात.

तुमच्यासारखीच पत्रं मला इतरांचीही येतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. शिकताना गरोदर असलेल्या किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या विद्यार्थिनींनी हे लक्षात ठेवावं की विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१मध्ये सर्व विद्यापीठांना विद्यार्थिनींच्या प्रसूती रजेसाठी आणि हजेरीतल्या शिथिलतेसाठी नियम करायला सांगितलं आहे. २०२३मध्ये एका एम.एड.च्या विद्यार्थिनीच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने निर्णयही दिला. आपल्या विद्यापीठाचा नियम काय, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी मागा. ज्यांना वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता आहे आणि जे ती लपवून परीक्षा देत राहतात, त्यांनी जाणावं की २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तीही येते, आणि प्रमाणपत्र असेल तर लेखनिक किंवा तासाला २० मिनिटं जादा वेळ मागता येतो. आणि ज्यांची झोप उडाली आहे, सकाळी उठून शाळेत जायच्या विचारानेच छातीत धडधडतं, त्यांनी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारची ही सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. तुमच्याही पत्रात एका जागी ‘रात्री दोनला जाग येते’ असं आहे. पंधरा दिवसांत ते कमी झालं नाही तर तुम्हीही करा.

आणि शेवटची गोष्ट. तुमच्या शाळेत आठवी ‘अ’ आहे असं पत्रावरून वाटतं. तिथल्या विज्ञानाच्या बाईंकडे याच आठवड्यात धाराविद्युतचा तास मागा. साहित्य आदल्या दिवशी चालवून बघा, दिवा नीट लागतोय याची खात्री करा, आणि मग वर्गात जाण्याआधी एका तारेचं टोक मुद्दाम न खरडता तसंच ठेवा. बटण दाबा. दिवा लागणार नाही. खडू हातात घ्या, मुलांकडे वळा आणि विचारा. त्या तासाला ज्यांनी तो शेरा लिहिला त्यांनाच निरीक्षणाला बोलवा. वहीत ते काय लिहितात, ते मला नक्की कळवा.